पिशवी काढण्याची तारीख पुढे ढकला

वाचक भगिनीचं पत्र

ताई, नमस्कार. मी केज तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. वय ४४. तीन लेकरं, तिन्ही नॉर्मल, धाकट्याच्या वेळी बरेच टाके पडले होते. मागच्या चार-पाच वर्षांपासून खोकलं, शिंकलं, हंडा उचलला की लघवी सुटते. आधी थेंबभर जायची, आता साडी बदलावी लागते. अंगणवाडीत लेकरांना कडेवर घ्यायचीही भीती वाटते. गावात सप्ताह झाला, सगळ्या बाया रात्री कीर्तनाला बसल्या, मी पोट दुखतंय म्हणून घरीच राहिले. संध्याकाळी खाली जड जड वाटतं, काहीतरी उतरल्यासारखं. सासूबाई म्हणतात, लेकरं झाल्यावर बाईचं असंच असतं. एका दवाखान्यात सोनोग्राफी केली. तिथं सांगितलं, पिशवीला सूज आहे, काढून टाका, सगळा त्रास जाईल. दिवाळीनंतरची तारीखही दिलीय. मोबाईलवर एक व्यायाम पाहिला, लघवी करताना मध्येच धार थांबवायचा. महिनाभर केला, काही फरक नाही. मालकांना लघवीचं काही माहीत नाही, पिशवी खराब आहे एवढंच त्यांना ठाऊक. थोरली मुलगी पहिल्या बाळंतपणाला सातव्या महिन्यात माहेरी येणार आहे. तिचंही असंच होईल का? काय करू?

ताई,

सगळ्यात आधी ती तारीख पुढे ढकला. "घरी अडचण आहे, नंतर कळवते," एवढा फोन पुरे. त्यापुढे कुणाला कारण देत बसायची गरज नाही. तुम्ही जो त्रास लिहिला आहे, त्यासाठी गर्भाशय लगोलग काढावं लागत नाही. पाळीत अंगावरून फार जात असेल, पाळी नसताना मध्येच रक्त जात असेल, घाण वासाचं जात असेल किंवा एखाद्या तपासणीत कॅन्सरची शंका आली असेल तर थांबायचं नाही. पण तेव्हाही दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवून मगच ठरवायचं. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही.

तो सोनोग्राफीचा कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे जा आणि थेट विचारा, सूज म्हणजे नेमकं काय लिहिलंय? गाठ आहे का, केवढी आहे, कुठे आहे? तीन बाळंतपणं झालेल्या बाईचं गर्भाशय थोडं मोठं दिसतं, तो आजार नव्हे. गाठ निघाली तरी पुष्कळ गाठी काहीही त्रास न देता राहतात आणि पाळी गेल्यावर आक्रसतात. आणि समजा गर्भाशयात काही किरकोळ निघालंच, तरी तुमच्या लघवीच्या गळतीचा त्याच्याशी संबंध असेलच असं नाही. लघवीची पिशवी वेगळी, गर्भाशयाची पिशवी वेगळी. दोन्हींना आपण "पिशवी"च म्हणतो आणि दवाखान्याच्या घाईत बाईला वाटतं की एक काढली की दुसरीचं दुखणंही जाईल. तसं होत नाही. खोकताना लघवी सुटते ती लघवीच्या नळीला खालून मिळणारा आधार ढिला पडल्यामुळे. गर्भाशय काढल्याने तो आधार परत येत नाही. उलट ऑपरेशननंतर काही बायकांची गळती पुढे वाढते.

इतक्या ठामपणे लिहितेय, त्यामागे तुमच्या बीड जिल्ह्याचा अनुभव आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशयं कोवळ्या वयात काढली जातात, याची ओरड झाली तेव्हा २०१९ साली सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजारांवर बायकांचं गर्भाशय काढलेलं निघालं. अंगावरून जातंय, ओटीपोट दुखतंय, खाली जड वाटतंय, अशा साध्या उपचारांनी बऱ्या होणाऱ्या तक्रारी घेऊन त्यातल्या कितीतरी जणी गेल्या होत्या. मोळ्या उचलून, ट्रॉलीवर चढवून ओटीपोटाचा तळ ढिला पडलेल्या बाईला कुणीतरी आधी व्यायाम सांगायला हवा होता. त्या बायकांना सांगायला कोणी नव्हतं. तुम्ही विचारलंत, म्हणून तुमच्या बाबतीत तरी ही घाई होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. कमरेच्या हाडांच्या कडीत, पुढच्या जांघेमधल्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत आणि दोन्ही बाजूंच्या बैठकीच्या हाडांपर्यंत, स्नायूंचा एक थर बांधलेला असतो. तान्ह्या बाळाची झोळी जशी टोकांना ताणून बांधतात, तसा. या थरावर लघवीची पिशवी, गर्भाशय आणि शौचाचं आतडं टेकलेलं असतं आणि लघवी, बाळंतपण आणि शौच या तिन्ही वाटा त्यातूनच बाहेर पडतात. आपण खोकलो की पोटातला दाब एकदम खाली येतो. धड असलेला थर त्याच क्षणी आपोआप आकसतो, वर उचलला जातो आणि लघवीची नळी दाबून धरतो. थर ढिला असेल किंवा वेळेवर आकसत नसेल, तर दाब जिंकतो आणि लघवी सुटते. स्नायूंच्या या थराला डॉक्टर पेल्विक फ्लोअर म्हणतात.

तो ढिला कशाने पडतो, ते तुमच्या पत्रातच आहे. तीन नॉर्मल बाळंतपणं, त्यात एकदा बरेच टाके. बाळाचं डोकं बाहेर येताना हा स्नायू त्याच्या नेहमीच्या लांबीच्या कितीतरी पट ताणला जातो, कधी फाटतोही. त्यावर वर्षानुवर्षं पाण्याचे हंडे. आपल्याकडे उन्हाळ्यात टँकर आला की बायका एका खेपेला दोन-दोन हंडे नेतात, एक डोक्यावर आणि एक कमरेवर, आणि उचलताना श्वास रोखून धरतात. तो सगळा जोर खाली जातो. त्यात बद्धकोष्ठ असेल आणि रोज कुंथावं लागत असेल, चुलीच्या धुराने जुना खोकला असेल, तर त्या स्नायूला दिवसभर मार बसतो. चाळिशीनंतर पाळी जायच्या सुमारास शरीरातली संप्रेरकं कमी होतात, तिथली त्वचा आणि आधार पातळ होतो. वयाचा हात आहेच, पण तेवढाच नाही. सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे: पुष्कळ बायकांना हे होतं. "असंच असतं" म्हणून सोसत राहायचं, हे मात्र खरं नाही. त्यांच्या वेळी कुणी सांगितलं नाही म्हणून त्यांनी सोसलं. जमलं तर त्यांनाही विचारून बघा, त्यांचं कसं आहे.

हा स्नायू हातापायाच्या स्नायूंसारखाच आपल्या मनाने हलतो, म्हणून त्याला व्यायामाने ताकद येते. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी १९४८ साली यावर लिहिलं, म्हणून या व्यायामाला केगेल म्हणतात. त्यानंतर जगभर तो पारखून झालाय. कोक्रेन या संस्थेने २०१८ साली १४ देशांतले ३१ अभ्यास, मिळून १,८१७ स्त्रिया, एकत्र तपासले. नुसती खोकल्या-शिंकल्यावर गळती होणाऱ्या स्त्रियांपैकी ज्यांनी हा व्यायाम नीट केला त्यांतल्या ५६ टक्के बऱ्या झाल्याचं सांगत होत्या. ज्यांनी केला नाही त्यांत ६ टक्के. म्हणूनच या त्रासावर पहिला उपाय म्हणून निदान तीन महिने देखरेखीखाली व्यायाम सांगतात, आणि ऑपरेशनचा विचार त्यानंतर.

मग तुम्हाला महिनाभरात फरक का पडला नाही? एक तर महिना कमी आहे. स्नायूला ताकद यायला सहा-आठ आठवडे लागतात, पुरता फरक दिसायला तीन महिने. दुसरं म्हणजे तो व्यायामच चुकीचा होता. लघवीची धार मध्येच थांबवणं आजपासून पूर्ण बंद करा. लघवी होताना हा स्नायू सैल पडायचा असतो. रोज धार तोडली की लघवी पूर्ण बाहेर पडत नाही, शिल्लक राहते आणि जंतुसंसर्गाची भीती वाढते.

खरा व्यायाम असा. रात्री सगळे झोपल्यावर पाठीवर निजा, गुडघे वाकवा, तळपाय जमिनीवर. एक हात पोटावर ठेवा. आता चारचौघांत वारा सरकतोय आणि तो अडवायचाय, अशी कल्पना करून गुदद्वार आत ओढा, आणि ते ओढलेलं तसंच पुढे लघवीच्या जागेपर्यंत न्या. आत आणि वर, नाभीकडे. ढुंगण आवळायचं नाही, मांड्या एकमेकींवर दाबायच्या नाहीत, आणि पोटावरच्या हाताला पोट फुगलेलं जाणवायला नको. श्वास चालूच ठेवायचा. हळू आवाजात एक-दोन-तीन मोजलं की श्वास आपोआप चालू राहतो. मग पूर्ण सोडा. हे सोडणंही व्यायामाचा भाग आहे. तीन आकडे धरलं तर निदान तीन आकडे सैल सोडा, तेव्हा खाली उतरल्याची जाणीव व्हायला हवी. ती झाली नाही तर नीट सुटलेलं नाही.

बरोबर जमतंय का, हे न्हाणीत बघता येतं. हात स्वच्छ धुऊन एक बोट योनीत घाला आणि आवळा. बोट सगळीकडून धरल्यासारखं आणि आत ओढल्यासारखं वाटलं तर बरोबर. बोट बाहेर ढकललं गेलं, तर तुम्ही कुंथताय, म्हणजे उलटं करताय. ही चूक फार जणी करतात. १९९१ साली अमेरिकेत ४७ स्त्रियांना थोडक्यात तोंडी सांगून हा व्यायाम करायला लावला, तेव्हा जेमतेम निम्म्या जणींना नीट जमला. पाव हिस्सा स्त्रिया अशा तऱ्हेने करत होत्या की त्याने गळती वाढली असती. मोबाईलवर बघून करणाऱ्या बाईचं नेमकं हेच होतं, आणि मग ती म्हणते, व्यायाम करून काही उपयोग नाही.

जमतंय अशी खात्री झाली की जेवढे आकडे धरता येतात तेवढ्यापासून सुरुवात करा. तीन जमत असतील तर तीन, आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. दर आठवड्याला एखादा आकडा वाढवत दहापर्यंत जा. प्रत्येक वेळी शेवटी आठ-दहा झटपट आवळ्या: आवळलं, सोडलं, आवळलं, सोडलं. लांब धरण्याने दिवसभराचा आधार वाढतो, झटपट आवळ्या शिंकेच्या वेळी कामी येतात. दोन-तीन आठवडे निजून केल्यावर बसून करा, मग उभ्याने. अंगणवाडीत पोषण आहार शिजेपर्यंत बसल्या जागी होतं, कुणाला कळतही नाही.

हे सगळं मी लिहितेय तरी माझा खरा आग्रह आहे तो फिजिओथेरपिस्टला एकदा तरी दाखवण्याचा. कागदावर वाचून आणि प्रत्यक्ष तपासून शिकण्यात फार अंतर आहे. आपल्याकडे फिजिओथेरपी म्हटलं की लोकांना गुडघ्याचा शेक आणि मानेचं वजन आठवतं. बायकांच्या ओटीपोटाच्या दुखण्यावर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट असतात, हे बायकांना तर नाहीच, कधीकधी डॉक्टरांनाही सुचत नाही. पहिल्या भेटीत ती आधी बराच वेळ बोलते: बाळंतपणं कशी झाली, टाके, पाळी, शौच, किती वेळा लघवी, कशाने सुटते, नवरा-बायकोच्या संबंधात दुखतं का. मग तुमची परवानगी घेऊन, दार लावून, अंगावर चादर ठेवून, हातमोजा घालून एक बोट आत ठेवून तपासते आणि आवळायला सांगते. त्यावरून शून्य ते पाच असे गुण देते: शून्य म्हणजे स्नायू हललाच नाही, पाच म्हणजे बोट घट्ट धरून आत ओढलं. किती वेळ धरता येतं, किती वेळा जमतं, सोडता येतं का, तेही बघते. ही तपासणी नको वाटली तर तसं स्पष्ट सांगा. वरून हात ठेवून किंवा सोनोग्राफीने पोटावरूनही काही अंदाज येतो. सोबत बहीण किंवा मैत्रीण असू द्यायची मुभा तुम्हाला आहे. काही ठिकाणी छोटं यंत्र लावून पडद्यावर आवळी दाखवतात. ज्यांना आपला स्नायू सापडतच नाही, त्यांना त्याची मदत होते.

तपासून घ्यायचं आणखी एक मोठं कारण आहे. काही बायकांचा हा स्नायू ढिला नसतो, उलट कायम आखडलेला असतो. त्यांनाही लघवीचा त्रास होतो, शिवाय संबंधात दुखतं, माकडहाडापाशी ठणकतं, लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, शौचाला साफ होत नाही. अशा बाईने केगेल केले तर दुखणं वाढतं. तिला सैल सोडायला, पोटातून श्वास घ्यायला शिकवावं लागतं. हे बाहेरून कळत नाही.

तुम्हाला अंबाजोगाई जवळ आहे. तिथल्या स्वामी रामानंद तीर्थ शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात स्त्रीरोग विभागात केसपेपर काढा, मोकळ्या शब्दांत सांगा, "खोकताना लघवी सुटते, अंग उतरल्यासारखं वाटतं, मला फिजिओथेरपीसाठी लिहून द्या." तिथं सोय झाली नाही तर लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय संस्थेत किंवा छत्रपती संभाजीनगरला घाटी या सरकारी रुग्णालयात विचारा. खासगी फिजिओथेरपी कॉलेजांच्या ओपीडीही असतात. फोनवर आधी एवढं विचारून घ्या की पेल्विक फ्लोअरचं काम करणारी बाई आहे का, म्हणजे एसटीचं भाडं वाया जायचं नाही. महिन्यातून एकदा गेलात तरी चालेल. रोजचा व्यायाम घरीच करायचा असतो.

जायच्या आधी तीन दिवस एका वहीत टिपून ठेवा. उठल्यापासून काय किती प्यालात, चहा किती, लघवीला कधी गेलात, कधी सुटली आणि तेव्हा काय करत होतात. अंगणवाडीच्या रजिस्टरांपुढे हे काहीच नाही. या वहीवरून समजेल की तुमची गळती फक्त दाबाने होते की एकदम जोराची कळ येऊन न्हाणीत पोचेपर्यंतही होते. दोन्हींचे उपाय थोडे वेगळे आहेत. कळेची गळती असेल तर चहा कमी करून बघा आणि दोन लघव्यांमधलं अंतर हळूहळू, पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवा. कळ आली की धावायचं नाही. जागीच उभं राहून पाच-सहा झटपट आवळ्या करायच्या, कळ ओसरली की शांतपणे जायचं.

पाणी मात्र कमी करू नका. अंगणवाडीला शौचालय नाही किंवा आहे त्याला पाणी नाही, म्हणून सकाळपासून दुपारपर्यंत घोटभरही न पिणाऱ्या सेविका आणि मदतनीस मला ठाऊक आहेत. मराठवाड्याच्या उन्हात असं केलं की लघवी दाट होते, पिशवीला झोंबते, कळा वाढतात, जंतुसंसर्ग होतो आणि शौच घट्ट होतं. ही गैरसोय तुमची एकटीची नाही. सरपंचांकडे, पर्यवेक्षिकेकडे अर्ज करायचाच असेल तर तो बायकांनी मिळून करा. आणि घरातून निघताना "असू दे, जाऊन येते" म्हणून कळ नसताना लघवीला जायची सवय मोडा, त्याने पिशवीला थोड्यावरच रिकामं व्हायची सवय लागते.

आता हंडा. व्यायामाचा पहिला उपयोग इथेच होतो, तीन महिने थांबावं लागत नाही. उचलण्याच्या आधी क्षणभर आवळा, मग उचला आणि उचलताना तोंडाने श्वास बाहेर सोडा. खोकला आला, शिंक आली तरी तेच: आधी आवळ, मग शिंक. पहिले काही दिवस आठवण राहत नाही, नंतर शरीर आपोआप करतं. लेकराला कडेवर घेताना कमरेतून वाकू नका, गुडघ्यात बसा, त्याला छातीशी धरा, आवळा, श्वास सोडत उठा. जमेल तिथं लेकराला आधी बाकावर चढायला सांगा. पाण्यासाठी मोठा हंडा सोडून छोट्या कळशीच्या जास्त खेपा करा, नाहीतर एक हंडा घरातल्या पुरुषांनी उचलावा. तो त्यांनाही उचलता येतो.

संध्याकाळी खाली जड वाटतं, त्याबद्दल. हे बहुतेक अंग थोडं खाली आल्याचं लक्षण आहे. गर्भाशय, लघवीची पिशवी किंवा मागचं आतडं यातलं काय आणि किती उतरलंय ते डॉक्टर कुंथायला लावून बघतात. थोडं उतरलं असेल तर याच व्यायामाने जडपणा कमी होतो, पुढे उतरणं लांबतं. जास्त असेल तर योनीत बसवायची सिलिकॉनची रिंग मिळते. योग्य मापाची बसवली तर बाई कामधाम करू शकते, ठरावीक दिवसांनी काढून धुवायची आणि डॉक्टरांना दाखवायचं. दुपारी कमरेखाली उशी घेऊन पंधरा मिनिटं निजलात तरी त्या दिवसाचा जडपणा उतरतो. शौचाला कुंथू नका. भाकरीबरोबर पालेभाजी, भिजवलेली मटकी, पेरू, पाणी, आणि सकाळी वेळ काढून बसणं, एवढ्याने न भागलं तर डॉक्टरांकडून औषध घ्या. हे बद्धकोष्ठ मिटल्याशिवाय व्यायामाचा निम्मा फायदा वाया जातो.

लघवीची एक साधी तपासणी आणि साखर बघून घ्या. मधुमेह आणि संसर्ग दोन्हींमुळे लघवीचा त्रास वाढतो. लघवीतून रक्त गेलं, ताप आणि कंबरेत कळ आली, लघवी अचानक अडली, किंवा दोन्ही मांड्यांच्या मधल्या भागाला बधिरपणा आला, तर वाट न बघता दवाखाना गाठा.

तीन महिने मनापासून करूनही गळती तेवढीच राहिली तर ऑपरेशन आहेच. पण ते लघवीच्या नळीला आधार देणारं वेगळं ऑपरेशन असतं. ते कोण करतं, किती केलीत, काय जोखीम, हे विचारूनच ठरवायचं.

मालकांना सांगा. त्यांना "पिशवी खराब" एवढंच माहीत आहे, म्हणून ते ऑपरेशनला पैसे जमवत असतील, कदाचित कुणाकडून उसनेही. त्यांना एवढंच म्हणा, "माझा ओटीपोटाचा स्नायू बाळंतपणाने ढिला झालाय, तीन महिने व्यायामाने बघायचंय, पिशवी काढून हा त्रास जाणार नाही असं दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं." तुमच्या तब्येतीच्या पैशाचा निर्णय त्यांच्याबरोबर होणार असेल, तर खरं कारण त्यांना माहीत असायला हवं. बोलायला संकोच वाटला तर हे पान त्यांच्यापुढे ठेवा. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर पुरुषांचीही लघवी अशीच सुटते आणि त्यांनाही हाच व्यायाम शिकवतात, हेही त्यांना सांगा. पुरुषांना ते ऐकलं की गोष्ट पटकन समजते.

आणि सप्ताह. व्यायाम सुरू असताना घरी बसू नका. पॅड लावा, साडीच्या आत गडद परकर घाला, कीर्तनात कडेला बसा म्हणजे उठून जाता येईल. तुमच्या शेजारी बसलेल्या दोघी-तिघींचं असंच असेल आणि त्याही गप्पच असतील. अंगणवाडी सेविकेवर बायकांचा विश्वास असतो, तुम्ही विषय काढलात तर त्या बोलतील.

थोरलीबद्दल काळजी करू नका, पण तयारी करा. आईला झालं म्हणून मुलीला होईलच असं नाही, आणि गरोदरपणातच व्यायाम सुरू केला तर पुढची गळती टळायची शक्यता वाढते. आल्या आल्या डॉक्टरांना विचारून तिला वर लिहिलेला व्यायाम शिकवा, सैल सोडण्यासह, कारण बाळ बाहेर येताना हा स्नायू सुटायला हवा. बाळंतपण झाल्यावर दुखणं सोसवेल तसं, दोन-चार दिवसांनी, हळू आवळ्या सुरू करता येतात. टाके असले तरी चालतात, त्याने तिथला रक्तपुरवठा वाढतो. पोट बांधायचंच असेल तर सैल बांधा. श्वास अडेल इतकं आवळलेलं पोट सगळा दाब खाली ढकलतं. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची आपल्याकडची पद्धत या वेळी बाजूला ठेवा, तिला दूध यायला आणि शौच मऊ व्हायला दोन्हींसाठी पाणी लागतं. शेक, डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू काय करायचं ते करा, पण हंडा आणि कपड्यांची बादली सव्वा महिना तिच्या हातात देऊ नका. आणि सव्वा महिन्यानंतर तिला तपासणीला नेताना लघवी, वारा किंवा शौच सुटतंय का, हे तिला एकांतात विचारा. लाजून ती सांगणार नाही. तोपर्यंत तुमचेही तीन महिने भरत आलेले असतील. अंबाजोगाईला फिजिओथेरपीच्या बाईंकडे तुमची फेरतपासणी त्याच खेपेला करून घ्या आणि तिलाही दाखवा.